खालाबरोबर मळ्याच्या पिराकडे

"आपा, तू शिकलेली आहेस. तू तरी अम्मीला समजाव," रफीक फोनवर म्हणाला. तेवढ्यावर मी पिशवी भरायला घेतली.

रफीक हा माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, धाकटा मुलगा. बार्शीटाकळीत त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि जमीलाखाला त्याच्याजवळ राहते. माघी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी अकोट रस्त्यावरच्या एका खेड्यात मळ्याच्या पिराचा उरूस असतो. गुडघ्यांमुळं खालाचं तिथं जाणं काही वर्षं राहून गेलं होतं. यंदा तिनं हट्टच धरला. रफीकचं म्हणणं, गुडघ्यांचा प्रश्नच नाही. कबरीपुढं डोकं टेकवणं हाच मुळात गुन्हा, आणि बायकांनी तर त्या वाटेला जाऊच नये. पूर्वी तो असं बोलत नसे. अलीकडं बोलायला लागला आहे.

मी स्वतः नवस मानत नाही. अमरावतीच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. नमाज पढते, रोजे धरते, आणि पिराच्या जाळीला धागा बांधून कुणाला मूल होतं यावर माझा विश्वास नाही. तसं पाहिलं तर माझं आणि रफीकचं बरंच जुळायला हवं. पण तो 'समजाव' शब्द मला बोचला. शिकलेल्या बाईचा उपयोग काय, तर न शिकलेल्या बाईला घरी बसवणं?

"बुधवारी येते," मी म्हटलं.

"शुक्रिया, आपा." बिचाऱ्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं येतेय.

बुधवार, बार्शीटाकळी

बार्शीटाकळीपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं इतकंच, की मूर्तिजापूरला कच्चा चिवडा खाल्ला आणि त्यातल्या मिरचीनं अकोल्यापर्यंत सोबत केली.

खाला ओट्यावर बसून मलिदा करत होती. गव्हाच्या जाड पोळ्या कुस्करायच्या, त्यात गूळ आणि तूप मळायचं. रफीकची बायको गूळ चिरून देत होती. नवऱ्याचा विरोध तिला ठाऊक होता, पण तिचा विळीवरचा हात थांबत नव्हता.

"आली का वो शम्मो?" खाला म्हणाली. "मले समजवाले पाठवली नं तुले?"

"हो."

"मंग समजव."

"मी सोबत येते आहे."

ती मोठ्यानं हसली आणि मलिद्याचा एक गोळा माझ्या तोंडात कोंबला. खाला घरात आमच्या बोलीत बोलते, जिला उर्दू म्हटलं तर लखनौची माणसं कानावर हात ठेवतील. पण जरा जोर चढला की ती सरळ वऱ्हाडीवर येते. तिचं बालपण माळ्यांच्या पोरींसोबत गेलं. आम्ही बागवान. माळ्यांनी पिकवायचं, बागवानांनी टोपल्यात घालून बाजारात विकायचं, असा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा शेजार.

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. जेवताना रफीकनं विषय काढला. मला वाटलं होतं, तो आवाज चढवेल. त्याचे डोळेच भरून आले.

"आपा, मला भीती वाटते गं. आज ना उद्या ही अल्लाहच्या घरी जाणार. तिथं हिला विचारलं, की माझ्याशिवाय दुसऱ्यापुढं हात का पसरलास, तर? मुलगा असून मी अडवलं नाही, असं होईल ना?"

त्याच्याकडं राग नव्हता, माया होती, आणि मायेशी भांडणं फार अवघड.

खाला मात्र भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मले इचारतीन नं थे? मंग उत्तर मी देईन. तू काहून घाबरून राहिला?"

गुरुवार सकाळ, अकोट रोड

अकोल्याच्या स्टँडवर पहिला खटका कंडक्टरशी उडाला. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत तिकीट नाही, म्हणून खालानं तिकीट नाकारलं. कंडक्टरनं आधार कार्ड पाहिलं. त्यावर ती पंचाहत्तरीच्या बरीच आत निघाली.

"आधारले काय ठाऊक?" खाला म्हणाली. "थे आलं तवा माहे केस पांढरे झाले होते."

"आजी, कार्डावर जे हाय तेच मले पाहा लागते."

"मंग कार्डालेच बसव गाडीत."

अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि त्यानं बायकांचं अर्धं तिकीट हातात ठेवलं. खालानं ते अपमान झाल्यासारखं कमरेला खोचलं.

माझ्या शेजारी एक सभ्य गृहस्थ बसले होते. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "ताई, मराठी फार शुद्ध आहे हो तुमची!"

"मराठीचीच शिक्षिका होते."

"अरे वा. मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"अकोटच्या. आता अमरावतीला असते."

"नाही, म्हणजे तुमचे पूर्वज मूळ कुठून आले?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. वर्गात पोरांनी विचारला, स्टाफरूममध्ये चहा पिताना विचारला गेला, घर भाड्यानं पाहताना तर ठरलेलाच. पूर्वी मी हसून टाळायचे. त्या दिवशी टाळावंसं वाटलं नाही.

"अकोटच्या मळ्यातून आले," मी म्हटलं. "त्याच्या आधी बाजूच्या मळ्यात होते. तुमचे कुठून आले?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर खारपाणपट्टा सुरू झाला होता. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा काळ्याभोर मातीचा सपाट मुलूख पसरला आहे. माती अशी, की नुसतं बघूनच पेरावंसं वाटावं. पण विहीर खणली की खारट पाणी लागतं. ते पाजलं तर पीक जळतं, आणि माणसानं प्यायलं तर मुतखडे होतात. म्हणून इथं पावसाच्या ओलीवर येईल तेवढंच घ्यायचं. हरभरा काढणीला आला होता, आणि बांधाबांधावर तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या होत्या. मैलोगणती हिरवं झाड म्हणून फक्त बाभूळ.

मळ्याच्या पिराची गोष्ट या खाऱ्या पाण्याचीच आहे. खालानं ती मला गाडीतच पुन्हा सांगितली, त्या गृहस्थांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. बाबा आले ते सातपुडा उतरून, बुऱ्हाणपूरकडून. सोबत ना फौज, ना घोडा; एक कुदळ आणि एक पखाल. गावाबाहेर दोन माळी भावांनी विहीर खणली होती आणि तिला खारं पाणी लागलं होतं. भाऊ डोक्याला हात लावून बसले होते. बाबा म्हणाले, "अजून खणू." ते स्वतः आत उतरले आणि खणत राहिले. एक दिवस गोड झरा फुटला. धाकट्या भावानं बाबांजवळ कलमा पढला. थोरला म्हणाला, माझा खंडोबा आहे, तो पुरे. बाबा त्याला म्हणाले, पाणी दोघांनी भरा. धाकट्याच्या वंशात आम्ही, थोरल्याच्या वंशात ते माळी.

खरं काय झालं, कुणाला माहीत? एखादा गोड झिरा लागला असेल. धाकट्यानं धर्म का बदलला, त्याचीही दहा कारणं असतील, आणि त्यातलं एखादं गोष्टीत सांगण्यासारखं नसेलही. पण आशियाभर इस्लाम कसा पसरला, यावर तावातावानं भाषणं देणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. माझ्या घराण्यात तो एका कुदळीनं आला, असं माझ्या घरातल्या बायका सांगतात. मी त्यांच्या बाजूनं आहे.

मळा

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फाट्यावर उतरून पायी निघालो, तर काळ्या मातीत खालाच्या चपलेचा अंगठा तुटला. ती अनवाणी चालायला लागली. एवढ्यात पुढून वनमाला आली, खालाला न्यायलाच निघालेली.

वनमाला माळ्यांच्या घरची, थोरल्या भावाच्या वंशातली म्हणा हवं तर. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पाठीत ताठ. दर्ग्याला लागून त्यांचा मळा आहे. त्या सगळ्या करपट मुलखात एकाएकी झेंडू, शेवंती आणि गुलाबाचे वाफे दिसतात, तेव्हा कुदळीच्या गोष्टीवर क्षणभर कुणाचाही विश्वास बसेल.

"जमीलामावशी, मले वाटलं यंदाबी येत नाई तू," ती म्हणाली, आणि स्वतःच्या चपला काढून खालापुढं ठेवल्या. "घाल. माहे पाय इथल्या मातीचेच हायेत."

तिच्या अंगणात चहा झाला. तिथल्या विहिरीचं पाणी मी मागून प्यायले. पाण्याला काहीच चव नव्हती, आणि खारपाणपट्ट्यात याहून मोठं कौतुक नाही. खाटेवर पिराची फुलांची चादर जवळपास विणून झाली होती. ती दरवर्षी याच घरच्या बायका विणतात.

"कोनी काही म्हनत नाई का तुले?" खालानं विचारलं.

"म्हनतात नं. परवा चार पोट्टे आले. म्हने, काकू, आपली फुलं त्याईच्या थडग्यावर काहून देता? मी म्हनलं, बापा, फुलं माही, मळा माहा, आन् पानी बाबाचं. तुमी कोनाचे?" सुई दातात धरून तिनं दोऱ्याला गाठ मारली. "गेले मंग."

मग ती खालाकडं न बघता म्हणाली, "मावशी, तिथं आता पाटी लागली हाय. बायाईले आत जाऊ देत नाईत."

खालाचा कप अर्ध्यावर थांबला.

"कोन देत नाई?"

"नवी कमिटी."

हे समजायला हवं, म्हणून इथं सांगते. या दर्ग्यात कबरीजवळ बसून ओव्या म्हणायचा मान आमच्या घरच्या बायकांचा. नानीनं म्हटल्या, माझ्या आईनं म्हटल्या, आईनंतर खालानं. जात्यावरच्याच ओव्या, वऱ्हाडी बोलीतल्या. फक्त त्यात विठोबाच्या जागी बाबा आहेत, आणि कुठं कुठं दोघंही आहेत. खाला यंदा इतकी हटून का बसली होती, ते मला त्या खाटेशी बसल्यावर कळलं. तिचे गुडघे आता पुन्हा तिला इथवर आणतील याची खात्री नव्हती, आणि तिच्यानंतर म्हणणारं कुणी नव्हतं. मुलगी नाही. सुनेला मनाई. उरले मी, जिनं शाळेत ओवी हा वाङ्मयप्रकार वर्षानुवर्षं शिकवला आणि घरची एकही ओवी पाठ केली नाही.

"चाल," खाला उठली. वनमाला चादर पुरी करून संदलाबरोबर येणार होती.

उंबरा

दर्गा म्हणजे चुन्यानं रंगवलेली एक लहान घुमटी, पुढं पत्र्याचा मांडव. दारावर तारेनं बांधलेली पत्र्याची पाटी: 'औरतों का अंदर आना मना है'. मांडवाच्या कडेला कनातीमागं बायकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या भरलेल्याही होत्या.

कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, युनूसभाई लगबगीनं पुढं आले. चाळिशीचा, अदबीचा माणूस. "अस्सलामु अलैकुम, खाला. इकडं बसा, पंखा लावलाय. इथूनच दुआ मागा. दुआ सगळीकडून पोचते."

"सगळीकडून पोचते तर मांडव काहून घातला?" खालानं विचारलं.

"हे शरियतचं आहे, खाला. आम्ही मनानं नाही केलं."

"मी न्हाऊन आलो, वजू करून आलो. माही माय या उंबऱ्यातून आत गेली, तिची माय गेली. तवा शरियत नोती?"

"तेव्हा लोकांना माहिती नव्हती."

खालानं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग एक हात माझ्या खांद्यावर आणि एक गुडघ्यावर ठेवून ती हळूहळू खाली वाकली, आणि दर्ग्याच्या उंबऱ्यावर मधोमध बसली.

"खाला, संदल निघालाय. आत्ता पोचेल," युनूसभाई कासावीस झाले. संदल म्हणजे चंदनाचा लेप डोक्यावर घेऊन येणारी मिरवणूक. बँडचा आवाज गावातून येतच होता. "लोक आत कसे जातील?"

"माह्या अंगावरून."

म्हातारीला ओलांडून कोण जाणार? दोघे-तिघे तरुण पुढं आले आणि मागं सरले. बंदोबस्ताचा पोलिस चहाच्या टपरीकडं तोंड करून उभा राहिला. कनात हलली, दोन बायकांनी डोकी बाहेर काढली.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. रफीक, आम्ही दोघी निघाल्याचं कळून मागोमाग आलेला. हेल्मेट काढायचं भान न राहता तो तसाच मांडवात आला.

"अम्मी, चल. लोक बघतायत."

"पाहू दे."

"आपा, तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी!"

"ते तुझं चुकलं, रफीक," मी म्हटलं.

तो तिच्यापुढं गुडघ्यावर बसला. "अम्मी, मी हात जोडतो. हे बरोबर नाही. मी तुझ्या भल्याचंच सांगतो."

"ठाऊक हाय मले," खाला एकदम मऊ आवाजात म्हणाली. "तू वाईट नाईस. पर मी उठत नाई. तुले उठवाचं असंन, तर उचल मले. माय हाय तुही. उचल."

तिनं लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले.

रफीकनं हात पुढं केले. ते तिच्या काखेपर्यंत गेले आणि तिथंच राहिले. मग त्यानं हात मागं घेतले, उठला, मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि हेल्मेटची काच खाली ओढली. आत तो रडत होता की काय, कळायला मार्ग नव्हता.

मी शिक्षिका आहे. चुकीचं लिहिलेलं पुसायची सवय हाडात भिनलेली. मी पाटीची तार पिरगाळून सोडवली, पाटी उतरवली आणि युनूसभाईंना म्हटलं, "फरशी गार आहे. हिच्याखाली काहीतरी हवं." खालानं किंचित अंग उचललं. मी पाटी तिच्याखाली सरकवली, अक्षरांची बाजू खाली करून.

कनातीमागं कुणीतरी फिसकन हसलं. युनूसभाईंचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, तोच मिरवणूक फाटकात आली. सगळ्यात पुढं वनमाला, डोक्यावर फुलांच्या चादरीची टोपली. तिनं उंबऱ्याकडं पाहिलं आणि थांबली. ती थांबली म्हणून बँड थांबला.

"वनमालाताई, चादर द्या इकडं, आम्ही नेतो आत," युनूसभाई म्हणाले.

"मावशी आत गेल्याबिगर चादर देत नाई मी," वनमाला म्हणाली. "मी उन्हात उभी राहीन. फुलं सुकतीन. सुकू द्या."

बँडवाले एकमेकांकडं बघायला लागले. संदल डोक्यावर घेतलेला म्हातारा फकीर पुढं झाला. "युनूस, माझी मान दुखते आहे रे बेटा," तो म्हणाला. "बाबा बायकांना भीत नव्हते. तू काहून भितोस?"

युनूसभाईंनी बाजूला मान वळवली. तेवढंच. हो म्हणाले नाहीत, पण अडवायलाही कुणी उरलं नव्हतं. मी खालाला उठवलं आणि आम्ही आत गेलो.

आत ऊद आणि ओल्या चुन्याचा वास होता. खालानं कबरीला डोकं टेकवलं. मी टेकवलं नाही. माझ्या मनाला ते पटत नाही. मी तिच्या शेजारी बसले. तिनं गळा साफ केला आणि सुरू केलं:

*पयली माही ओवी गं, मळ्याच्या पिराले,*
*खारं पानी गोड केलं, पाजलं लेकराले.*

आवाज पार फाटका. दुसऱ्या ओवीला श्वास पुरेना. तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. "म्हन."

"मला येत नाही, खाला."

"मी म्हनतो, तू मागून म्हन. पोराईले असंच शिकवत होती नं?"

मी मागून म्हटलं. आधी ओशाळून, मग नीट. पाठीमागं सरसर आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर कनातीमागच्या बायका एकेक करून आत येत होत्या. दाटीवाटीनं बसल्या, आणि तिसऱ्या ओवीला सगळ्यांचा आवाज लागला. दारात वनमाला, हातात चादर. खालानं तिला हाक मारून आत घेतलं, आणि बाबांवर चादर त्या दोघींनी घातली.

बाहेर येताना युनूसभाई म्हणाले, "आपा, आज झालं ते झालं. पुढच्या वर्षी कमिटी बघेल."

"पुढच्या वर्षी आम्हीही बघू," मी म्हटलं.

ही काही गोड शेवटाची गोष्ट नाही. आठवड्याभरात पाटी पुन्हा लागली, या वेळी खिळे ठोकून. वनमालानं फोन करून सांगितलं. दर गुरुवारी पाच-सहा बायका पाटीखालून आत जातात आणि अजून तरी कुणी हात लावलेला नाही, हेही तिनंच सांगितलं. मी खालाच्या ओव्या तिच्या तोंडून ऐकून पाठ करते आहे. नवस मी अजूनही मानत नाही.

परतीची बस

ऊन उतरता आम्ही फाट्यावर आलो. रफीक मोटारसायकल घेऊन तिथं उभाच होता. दिवसभर तो दर्ग्याच्या आत आला नव्हता, आणि गावातून गेलाही नव्हता.

"अम्मी, बस मागं. घरी सोडतो."

"मी यष्टीनं आलो, यष्टीनं जातो," खाला म्हणाली.

गाडी आली. आम्ही चढलो, मागच्या बाजूला जागा मिळाली. पूर्णा ओलांडेपर्यंत खाला डोळे मिटून, मलिद्याचा रिकामा डबा पोटाशी धरून बसली होती. मला वाटलं, झोप लागली.

"शम्मो," ती डोळे न उघडता म्हणाली, "मागं पाय बरं. हाय का थो?"

मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. धुळीत एक दिवा होता. बस हळू झाली की हळू होत होता, पण पुढं काही निघत नव्हता.

"आहे."

"अंतर ठेवून हाय नं? हे यष्टीवाले एकदम ब्रेक मारतात."

"अंतर ठेवून आहे."

"मंग येऊ दे," खाला म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घेतला.